अमेरिकेतला ‘शेतीचा’ पैसा

अमेरिकेत शेतीवर सरकार अफाट खर्च करतं, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची चंगळच, हे म्हणणं मला पटत नाही. २०१८च्या ‘फार्म बिला’तला, म्हणजे तिथल्या शेतीविषयक केंद्रीय कायद्यातला, साधारण तीन चतुर्थांश खर्च अन्नसाहाय्याचा होता, मुख्यतः ‘स्नॅप’ या योजनेचा. तिच्यात गरीब कुटुंबाच्या कार्डावर दरमहा रक्कम जमा होते. त्यातून किराणा घेता येतो, साबण किंवा औषधं नाहीत.

१९७३पासून पिकांची मदत आणि फूड स्टॅम्प (स्नॅपचं जुनं नाव) एकाच कायद्यात आहेत. त्यामुळे अन्नसाहाय्य टिकावं म्हणून शहरी खासदार शेतीला मत देतात, आणि शेतीची मदत टिकावी म्हणून ग्रामीण खासदार अन्नाला. २०१३मध्ये संसदेच्या प्रतिनिधिगृहाने दोन्ही वेगळे केले, पण २०१४च्या कायद्यात ते पुन्हा एकत्र आलेच.

मला खरी काळजी वाटते ती ‘विक’ची. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणाची ही योजना. स्नॅपचा हक्क कायद्यानेच दिलाय. विकचा पैसा मात्र संसदेला दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागतो, तोही १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी. बाळाच्या दुधाची पावडर अशा ओढाताणीत अडकावी, हे मला अजिबात मान्य नाही. गावांच्या पाणीयोजनांची कर्जं आणि अनुदानंही याच वार्षिक मंजुरीतून जातात.