मदत हवी आहे: राऊटर थंड ठेवण्यासाठी पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारे धातूचे तुकडे) कसे बसवू?

नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्यात राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी वायफाय दर थोड्या वेळाने तुटतं. राऊटरच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश दिली आहे, म्हणजे आमच्या हॉलची हवाच त्याच्यापुढे गेलेली. टेबलफॅन समोर ठेवला की नेट सुरळीत चालतं, त्यामुळे दोष उष्णतेचाच आहे याची खात्री आहे. बायको दुपारीच ऑनलाइन शिकवणी घेते, मुलांचे वर्ग मध्येच तुटतात, म्हणून हे मनापासून सोडवायचं आहे.

राऊटर स्वतःचा आहे, वॉरंटी संपली आहे, उघडायला हरकत नाही. (फायबरचा डबा कंपनीचा, त्याला हात लावणार नाही.) भिंतीवर उभा टांगून, खालची जाळी मोकळी करून पाहिलं, फरक पडला, पण पुरेसा नाही.

आता ८० मिमीचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा राऊटरच्या यूएसबीवर, म्हणजे ५ व्होल्टवर चालवायचा विचार आहे. हळू फिरेल, आवाजही कमी. पण काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत म्हणे. कोणता घ्यावा? हवा आत ढकलावी की बाहेर खेचावी? धुळीचं काय?

चिपवर ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक लावायचे तर थर्मल टेप (उष्णता पुढे जाऊ देणारी चिकटपट्टी) उन्हाळाभर टिकते का? उभ्या राऊटरमध्ये एखादा सुटून सर्किटवर पडला तर शॉर्ट होईल, ही खरी भीती. शिवाय अँटेना आतच आहेत. धातू जवळ आला तर रेंज घटेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.