साहेब शेडमध्ये उतरले की रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेले पीस, लपवलं जातं. राउंड कसा घ्यावा?

हिंगणा_क्वालिटी:
हिंगणा एमआयडीसीतलं मशीनिंगचं युनिट, ६० कामगार, दोन पाळ्या. प्लांट मॅनेजर शेडमध्ये दिसतात ते ग्राहकाकडून माल परत आला की. रजिस्टरात रिजेक्शन नगण्य, पण भंगाराचं वजन त्याच्याशी जुळत नाही. आता साहेब रोज राउंड घेतो म्हणतात. सुरुवात कशी करावी?

शेडवाला_नागपूर:
भाऊ, वेळ ठरलेली हवी. पाळी बदलण्याआधीची वीस मिनिटं उत्तम, कारण दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात. सोबत चौघांचा लवाजमा नको, फोन खिशात. अख्खी शेड फिरण्यापेक्षा रोज एकेका मशीनजवळ दहा मिनिटं उभं राहावं. "किती पीस निघाले?" विचारलं की आकडा मिळतो, "आज कुठं अडलं?" विचारलं तर घासलेलं इन्सर्ट (धातू कापणारं टोक), ढिला फिक्स्चर (पीस पकडून ठेवणारा), संपलेलं कूलंट (थंड ठेवणारं पाणी-तेल) कळतं.

ऑपरेटरला परस्पर हुकूम देऊ नये. फोरमनचा शब्द तिथंच पडतो आणि पुढं प्रत्येक जण साहेबांचीच वाट बघतो. आणि मे महिन्यात दुपारी तीनलाही पत्र्याखाली यावं. पारा ४५ वर असताना कूलर बंद आहे हे सकाळी दहाच्या राउंडमध्ये कळत नाही.

एचआर_बुटीबोरी:
यात एक भर. ऐकलेल्या तक्रारीचं काय झालं, हे दिसलं पाहिजे. शेडमध्येच फळा लावा: अडचण, कोण बघणार, कधीपर्यंत. जे होणार नाही तिथं "होणार नाही" आणि कारण लिहा. "बघतो" हा शब्द फळ्यावर नको, त्यानंच विश्वास जातो.

पैशाबाबतही तेच. पगार ७ तारखेच्या आत हा कायदा आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे, तो स्लिपवर वेगळा दाखवा. ऑर्डर घटल्यानं ओव्हरटाइम बंद होणार असेल तर साहेबांनी स्वतः, आधी सांगावं. चहाच्या टपरीवर आधी कळलं तर नंतरचं खरंही कोणी खरं मानत नाही.

टूलरूम_दादा:
राउंड नीट झाला तर रजिस्टरातलं रिजेक्शन आधी वाढेल. लपलेलं बाहेर येतं म्हणून. मालकांना हे आताच सांगून ठेवा, नाहीतर तेच साहेबांना झापतील आणि सगळं पुन्हा झाकलं जाईल. खरा सुधार तपासायचा तर रजिस्टर आणि भंगाराचं वजन यांतला फरक दर आठवड्याला मांडा. तो कमी झाला पाहिजे.

फोरमनचा बोनस रिजेक्शनच्या आकड्यावर असेल तर ती अट आधी काढा. टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसली की कामगार मदतीसाठी दोरी ओढतो तेव्हा टीम लीडर धावत मदतीला येतो, म्हणून ती ओढली जाते. पहिला खराब पीस दाखवणाऱ्यावर आवाज चढला तर दुसरा दिसणार नाही.

हिंगणा_क्वालिटी:
फळा या आठवड्यात लावतो. रात्रपाळीचं काय? साहेब रोज थांबू शकत नाहीत.

शेडवाला_नागपूर:
रोज नको. आठवड्यातून एकदा यावं, पण छापा घातल्यासारखं नाही, वार आधी सांगून. आणि रात्रीच्या तक्रारी त्याच फळ्यावर.