शेळीच्या दुधाचे चीज चाखायला फार्मवर जायचे आहे : सकाळी जावे की दुपारी?

गंगापूररोडकर

नमस्कार.

नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, दिंडोरीच्या बाजूला, शेळ्यांची एक दुग्धशाळा आहे. तेथे रविवारी पाहुण्यांना गोठा दाखवतात आणि शेवटी तीन-चार प्रकारचे चीज चाखायला देतात, असे शेजाऱ्यांकडून कळले. आम्ही पाचजण जाणार आहोत : आम्ही दोघे, सात वर्षांची मुलगी, सासूबाई आणि पुण्याहून येणारी नणंद. फोनवर त्यांनी सकाळी साडेसहा आणि दुपारी बारा अशा दोन वेळा सांगितल्या. शुल्क दोन्ही वेळांना सारखेच आहे. घरातील सर्वांचा कल अर्थातच दुपारकडे आहे, कारण रविवारी पहाटे पाचला उठण्याची कोणाचीच तयारी नाही.

शंका अशा आहेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातील पदार्थ घालतात, असे त्यांनी कोठेतरी ऐकले आहे. मुलीला गायीचे दूध प्यायल्यावर पोटात गुबारा धरतो. शेळीचे दूध तिला चालेल का, आणि तेथे धारोष्ण दूध दिले तर पाजावे का? नणंदेला शेळीच्या वासाची धास्ती आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मचाणावरचा

सकाळीच जावे. दुपारी बारा वाजता गोठ्यात पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. शेळ्या रवंथ करीत बसलेल्या असतात, दूध केव्हाच थंड करायला गेलेले असते आणि माहिती सांगणारा माणूसही सकाळपासून बोलून थकलेला असतो. मी सिन्नर तालुक्यात अकरा वर्षे शेळ्या पाळतो आहे. आमच्याकडे दूध आणि करडे विकली जातात, चीज बनत नाही, त्यामुळे चीजविषयी जाणकारांनी लिहावे. गोठ्यात काय पाहावे एवढे मी सांगतो.

आत शिरताना आधी नाकाला काम द्यावे. लेंड्यांचा आणि चाऱ्याचा कोरडा वास येणारच, त्यात वावगे काही नाही. पण डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा वास आला, तर मूत्र जागच्या जागी साचते आहे असे समजावे. ते साचू नये म्हणूनच अनेकजण मचाणाचा गोठा बांधतात : जमिनीपासून उंचावर फळ्या, फळ्यांमध्ये बोटभर फटी, आणि लेंड्या-मूत्र त्यांतून थेट खाली. खालचे लेंडीखत द्राक्षबागायतदार आनंदाने घेऊन जातात, हा आमच्या भागातला वेगळाच फायदा आहे.

त्यानंतर बोकड कोठे बांधला आहे ते विचारावे. आपल्या नणंदबाईंना ज्या वासाची धास्ती आहे तो बहुधा शेळीचा नसून बोकडाचा असतो. त्याच्या शिंगांच्या मागे उग्र वासाच्या ग्रंथी असतात, शिवाय माजावर आला की तो स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुतून घेतो. असा बोकड दुभत्या शेळ्यांना खेटून बांधला असेल, तर तो वास दुधापर्यंत पोहोचतो. जाणता मालक त्याला वाऱ्याच्या दिशेचा विचार करून दूरच ठेवतो.

धार काढताना मुलीला अगदी जवळ उभे करावे. शेळीला दोनच सड असतात, गायीसारखे चार नाहीत, हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. कास धुऊन पुसल्यावर पहिल्या दोन-तीन धारा एका काळ्या वाटीत काढतात, कारण काळ्यावर पांढऱ्या गुठळ्या चटकन दिसतात. गुठळ्या दिसल्या तर कासदाहाची शंका घेऊन त्या शेळीचे दूध बाजूला ठेवले जाते. ती वाटी कोठेच दिसली नाही, तर मी तेथले चीज खाणार नाही.

पाला खाऊ घालायला देतील, तो खुशाल द्यावा. शेळीला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे तळहात सपाट ठेवला की भीती नाही. मात्र घरून पोळ्या, पाव किंवा बिस्किटे नेऊ नयेत. धान्याचा मारा एकदम झाला की शेळीच्या पोटात आम्ल वाढते. मागे आमच्याकडे आलेल्या काही हौशी पाहुण्यांनी आमच्या नकळत पिशवीभर शिळ्या पोळ्या चारल्या आणि पाच महिन्यांपैकी चार महिने भरलेली गाभण शेळी पोट फुगून रात्रीतून गेली. त्यांना काय बोलणार? त्यांनी प्रेमानेच दिल्या होत्या.

नुकत्याच व्यालेल्या किंवा गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) शेळीच्या जवळ गर्भवती स्त्रीने जाऊ नये. आपल्याकडे तसे कोणी असेल तर आधीच सांगावे. दाराशी चुन्यात पाय बुडवायला सांगितले तर नाक मुरडू नये. लाळ्या-खुरकूत चपलांवर बसून गावोगाव फिरते.

चक्कापुराण

मचाणावरचा यांनी गोठा सांगितला, मी पुढचे सांगते. घरच्यापुरते आणि थोडे ओळखीत विकण्यापुरते शेळीच्या दुधाचे चीज मी गेली काही वर्षे करते.

सासूबाईंनी ऐकलेले खोटे नाही. वासराच्या किंवा करडाच्या चौथ्या पोटातून काढलेले रेनेट युरोपात परंपरेने वापरले जाते. आपल्याकडे मात्र बुरशीपासून तयार केलेले सूक्ष्मजीवजन्य रेनेट सर्रास मिळते आणि बहुतेक लहान उत्पादक तेच वापरतात. पाकिटावर हिरवा ठिपका पाहावा आणि तरीही तोंडी विचारावे. सांगणाऱ्याला राग येण्याचे कारण नाही.

ताज्या चीजची कृती ऐकली तर सासूबाईंना ते परके वाटणार नाही. पाश्चराइझ केलेले दूध वीस-बावीस अंशांपर्यंत निववायचे, विरजण घालायचे, रेनेटचे अगदी चार-दोन थेंब टाकायचे आणि रात्रभर, कधी पूर्ण दिवसभर, हलवायचे नाही. मग ते मऊ दही कापडात बांधून टांगायचे आणि निथळले की मीठ लावायचे. म्हणजे चक्काच की! फरक एवढाच की चक्का साखरेकडे जातो आणि हा मिठाकडे.

शेळीच्या दुधाचे दही गायीच्या दह्याहून नाजूक बसते, म्हणून ताज्या प्रकारालाच ते अधिक शोभते. रंग पांढराशुभ्र असतो, कारण चाऱ्यातील कॅरोटीन शेळी जवळजवळ पूर्णपणे जीवनसत्त्व अ मध्ये बदलून टाकते आणि गायीच्या दुधातली पिवळसर झाक तिच्या दुधात उरत नाही. राहिला वास. शेळीच्या दुधातील तीन मेदाम्लांची नावेच मुळी कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी आहेत. लॅटिनमध्ये शेळीला काप्रा म्हणतात. ही आम्ले मेदात बांधलेली असतात तोवर फारशी जाणवत नाहीत. दूध घुसळले गेले, उन्हात कॅनमध्ये हिंदकळत आले किंवा थंड करायला उशीर झाला, की ती सुटी होतात आणि मग बोकड तोंडात आल्यासारखे वाटते. ज्या ठिकाणी गोठ्यापासून पन्नास पावलांवर चीजची खोली आहे, तेथले चीज म्हणूनच सौम्य लागते.

चाखताना क्रम पाळावा : आधी ताजे, मग राख लावलेले, शेवटी जुने कडक. राखेला घाबरू नये. फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यात अशी राख लावण्याची जुनी रीत आहे. तिच्यामुळे पृष्ठभागाचा आंबटपणा उतरतो आणि पांढरी बुरशी नीट धरते. ती बुरशी खाण्याचीच असते. चीज फ्रिजमधून काढून थेट ताटलीत वाढले, तर अर्धा तास थांबण्याची विनंती करावी, कारण गार चीजला चव नसते. त्याच खोऱ्यात शेळीच्या चीजबरोबर सॉव्हिन्याँ ब्लाँ द्राक्षांची वाईन पितात, आणि तीच द्राक्षे आपल्या नाशिकच्या मातीतही रुळली आहेत, त्यामुळे मोठ्यांसाठी तसा पेला ठेवला असेल तर जोडी जुनीच आहे. मला विचाराल तर ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आणि चार मनुका पुरेत.

दोघांची_आई

मुलीच्या दुधाविषयी थोडे सावधपणे लिहिते, कारण या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. शेळीचे दूध पचायला हलके असते, हे ऐकून मी थोरल्याला ते सुरू केले आणि त्रास तसाच राहिला. शेळीच्या दुधातील मेदाचे कण लहान असतात हे खरे, पण दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज, गायीच्या दुधाहून थोडीच कमी असते. मुलीचा त्रास लॅक्टोजचा असेल तर पेलाभर दूध तिला बाधेल. जुन्या, मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज फारसा उरत नाही, तेवढे कदाचित सोसेल. आणि त्रास दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीचा असेल, तर शेळीचे दूधही टाळावे लागते, कारण ती प्रथिने बरीचशी सारखीच असतात. दोन्हींपैकी काय आहे हे डॉक्टरांकडून ठरवून मगच निघावे.

धारोष्ण दूध कोणालाच देऊ नये. शेळ्यांतून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून येऊ शकतो आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने चढ-उतार करीत राहतो. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवले का, एवढे तेथे विचारावे.

एकदा_फसलेला

मागच्या मे महिन्यात आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो. नाव लिहीत नाही. बहुतेक शेळ्या आटलेल्या होत्या, तरी ताटलीत पाच प्रकारचे चीज होते. खोदून विचारल्यावर कळले की दोन गायीच्या दुधाचे होते आणि एक बाहेरून आणलेले. चव वाईट नव्हती, पण मग एवढ्या उन्हात आम्ही तेथवर गेलो कशाला? सध्या किती शेळ्या दुधात आहेत आणि चाखायला मिळणाऱ्यांपैकी तेथेच काय काय बनते, हे दोन प्रश्न फोनवरच विचारावेत.

मचाणावरचा

एक राहिले. मुलगी सात वर्षांची आहे, तेव्हा ती करडांमध्ये रमणार आणि कधीतरी विचारणार की मोठे झाल्यावर हे कोठे जातात. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही आणि जन्मणाऱ्या करडांत निम्मे नर असतात. ते सगळे पोसणे कोणाला परवडत नाही. उत्तर आपल्या घरात काय द्यायचे ते आधीच ठरवून न्यावे.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. काल सकाळी जाऊन आलो, म्हणून लिहिते.

साडेसहाला पोहोचलो तेव्हा शेतावर धुके होते आणि गोठ्यातील दिवे सुरू होते. चाळीसपैकी सव्वीस शेळ्या दुधात आहेत, हे फोनवरच विचारून घेतले होते. संगमनेरी शेळ्या अधिक होत्या, काही सानेन या विदेशी जातीच्या संकरित होत्या. एकेक शेळी आपणहून चौथऱ्यावर चढत होती आणि समोरच्या पाटीतील खुराकात तोंड घालत होती. काळी वाटी होती. स्टीलच्या वाटीला बाहेरून डांबर फासल्यासारखा काळा रंग आणि आत गुळगुळीत काळे प्लॅस्टिक. मुलीने त्यात डोकावून "यात काहीच नाही" असे निराशेने जाहीर केले, तेव्हा धार काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "काही नसणंच चांगलं असतं, बाळा." रिकाम्या बादलीत पडणारी धार आधी टणटण वाजते आणि दूध चढले की तिचा आवाज मऊ होतो, हे मी लहानपणी आजोळी ऐकले होते आणि पुरते विसरले होते.

बोकड पार पलीकडे, विहिरीजवळ होता. नणंदेने तेथवर जाऊन खात्री करून घेतली आणि तितक्याच वेगाने परतली.

करडांचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, पण आम्हाला न विचारता मुलीने तो थेट मालकांनाच विचारला. त्यांनी टाळले नाही. "पाटी, म्हणजे मादी करडे, आम्ही ठेवतो, बोकड विकतो, आणि घेणारे ते खाण्यासाठी घेतात," असे त्यांनी सांगितले. ती काही वेळ गप्प होती, मग पुन्हा करडांकडे गेली. सासूबाईंना मात्र ते लागले. हिरवा ठिपका चष्मा लावून तपासून झाला होता, तरीही त्यांनी ताज्या चीजचा एकच घास घेतला, "चक्काच आहे" असे म्हणाल्या आणि ताटली पुढे सरकवली. कोणी आग्रह केला नाही.

किमतीवरून नणंदेने थोडी कुरकुर केली. त्यावर मालकांनी हिशेब मांडला : एक किलो ताज्या चीजला सहा-सात लिटर दूध लागते आणि संगमनेरी शेळी दिवसाला साधारण लिटरभर देते. म्हणजे आमचे पाव किलोचे पाकीट ही एका शेळीची पावणेदोन दिवसांची मिळकत. त्यानंतर नणंदेनेच आणखी एक पाकीट घेतले.

मुलीला डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध दिले नाही. जुन्या चीजचा नखाएवढा तुकडा दिला आणि काही त्रास झाला नाही. आता चक्कापुराण यांना एक विचारायचे आहे. घरी आणलेल्या ताज्या चीजला डब्यात पाणी सुटले आहे. ते बिघडले का?

चक्कापुराण

बिघडलेले नाही. ती निवळी आहे, चीज अजून निथळते आहे इतकेच. पाणी ओतून काढावे, डब्याच्या तळाशी स्वच्छ कापडाची घडी ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावे. कडू लागले किंवा गुलाबी, पिवळे ठिपके दिसले तर मात्र टाकून द्यावे. निवळी फेकू नये, तिच्यात कणीक भिजवावी. सासूबाईंचा मान राखायचा असेल, तर त्यांच्या पोळ्यांची कणीक तेवढी वेगळी भिजवावी.