गेमबॉय-शैलीतला भयाण गारफिल्ड: भीती वाटावी, हसू येऊ नये, यासाठी काय बदलावं?

धागाकर्ता: चौकोनी_मांजर

रेडिटवरच्या 'आयॅम सॉरी जॉन' या चाहत्यांच्या गटामुळे पसरलेला राक्षसी गारफिल्ड (कॉमिकमधलं ते आळशी केशरी मांजर) इथे बहुतेकांच्या पाहण्यात असेल. लझान्या सोडून मालकाच्या, म्हणजे जॉनच्याच मागे लागलेला, घराएवढा, नको तितक्या पायांचा. त्याच धर्तीवर जुन्या गेमबॉयवरचा (निन्टेन्डोचं हातात धरायचं खेळयंत्र) खेळ वाटावा अशी ४० सेकंदांची अ‍ॅनिमेशन करतोय. कॅनव्हास १६० × १४४, छटा चार. अडलंय ते असं:

१. राक्षस नुसता ढिगारा दिसतो, गारफिल्ड वाटत नाही. दात आणि रक्त वाढवलं की प्रकरण विनोदी होतं.
२. फिकट दोन छटा एकमेकींत विरघळतात.
३. १०८० पिक्सेल उंचीला नेलं की पिक्सेल कुठे जाड, कुठे बारीक दिसतात.
४. हे टाकलं तर हक्कांची भानगड होईल का?

शाईचा_डाग

पहिल्या मुद्द्याचं बोलतो. चार छटांत केशरी रंग नाही, म्हणजे गारफिल्डची सगळ्यात मोठी ओळख आधीच गेली. उरतात तीनच खुणा: अर्ध्या मिटलेल्या जड पापण्या, पाठीवरचे काळे पट्टे आणि गालफुगी थोबाड. या तिघांना हात लावू नका. बाकी शरीर हवं तेवढं मोडा. ढिगारा दिसतो कारण सगळंच एकदम बदललंय. डोळ्याला धरायला काही उरत नाही.

पापण्या तर अजिबात उघडू नका. मूळ गारफिल्ड कंटाळलेला असतो. राक्षसही तितकाच कंटाळलेला, शांत दिसला की अंगावर येतो. डोळे वटारले, दात विचकले की तो 'घाबरवायला आलेला' दिसतो, आणि मग हसू येतं. रक्त तर चार छटांत रक्त वाटतच नाही, सांडलेलं काहीतरी वाटतं.

प्रमाण: जॉन साधारण १६ × २४ पिक्सेलचा ठेवा, म्हणजे राक्षस पूर्ण उंचीचा झाला की तो जॉनच्या सहापट होतो. पण पूर्ण दाखवायची घाई नको. पहिली २५ सेकंदं फक्त पट्टे दिसू द्या. भिंतीवरचा वॉलपेपर वाटणारे पट्टे एकदा श्वास घेतल्यासारखे १ पिक्सेल वर, १ पिक्सेल खाली सरकले की पुरे.

पायांना सांधे वाढवताना एक चूक हमखास होते: सगळे सांधे एकाच दिशेला वळवले जातात. मग कोळी दिसतो, मांजर नाही. वरचा अर्धा पाय मांजराचाच ठेवून खाली एकच जास्तीचा सांधा उलटा वळवा.

बीप_बूप

दुसरा आणि तिसरा मुद्दा.

तुम्ही बहुधा नेहमीची हिरवी रंगसूची घेतली आहे: लाल-हिरवा-निळा या क्रमाने १५-५६-१५, ४८-९८-४८, १३९-१७२-१५, १५५-१८८-१५. शेवटच्या दोघींत फक्त १६-१६ चा फरक आहे. व्हिडिओ कॉम्प्रेस झाला की तोही जातो. तिसरी छटा १००-१३२-१५ च्या आसपास ओढा. शुद्धतेची काळजी नको. खऱ्या यंत्रात हे आकडे नव्हतेच, ० ते ३ अशा चार पायऱ्या होत्या आणि हिरवेपणा पडद्याचा.

१०८० ला १४४ ने भागलं की ७.५ येतात. अर्धा पिक्सेल काढता येत नाही, म्हणून काही ओळी ७ आणि काही ८ जाडीच्या होतात. ७ पट करा (११२० × १००८) आणि भोवती काळी पट्टी सोडा. किंवा सरळ १५ पट: २४०० × २१६०, फोर-केच्या उंचीत नेमकं बसतं. वाढवताना 'निअरेस्ट नेबर' निवडा, नाहीतर कडा धुरकट होतील.

आता तुम्ही न विचारलेलं. खेळ खरा वाटायचा तर यंत्राच्या मर्यादा पाळा. स्प्राइट (पडद्यावर सुटी हलणारी छोटी चित्रं) ८ × ८ किंवा ८ × १६, एकूण ४०, आणि एका आडव्या ओळीत फक्त १०. म्हणजे ८० पिक्सेल, अर्धा पडदा. अकरावा त्या ओळीत दिसतच नाही. त्यामुळे एवढा मोठा राक्षस खऱ्या खेळात पार्श्वभूमीच्या टाइल्समध्ये (ठरलेल्या चौकटीत बसणारे चौकोनी तुकडे) काढावा लागला असता. डोळे आणि पंजे तेवढे स्प्राइट. तुम्हीही तसंच करा. धड गोठलेलं आणि फक्त डोळे जॉनकडे वळतात, हे फार वाईट (म्हणजे चांगलं) दिसतं.

आवाजाला चार वाहिन्या: दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. एक पल्स ११० हर्ट्झवर आणि दुसरी ११२ वर धरा, सेकंदाला दोनदा घुमल्यासारखं होतं. राक्षस दिसतो त्या क्षणी मात्र सगळं बंद.

रिकामं_घर

वरच्या सांध्यांच्या हिशोबाशी असहमत. गारफिल्डची सगळ्यात भीतीदायक गोष्ट खुद्द त्याच्या निर्मात्याने, जिम डेव्हिसने केली, आणि तिच्यात एकही राक्षस नाही. २३ ते २८ ऑक्टोबर १९८९ च्या सहा कॉमिक पट्ट्या काढून बघा. गारफिल्ड जागा होतो तर घर थंड, ओसाड. जॉन नाही, त्याचा कुत्रा ओडी नाही. चित्रशैली नेहमीचीच, विनोद तेवढा काढून घेतलाय.

४० सेकंदांत तेच करता येईल. तीच खोली तीनदा दाखवा, दर वेळी एक वस्तू कमी. राक्षस शेवटच्या ५ सेकंदांत आला तरी चालेल.

चौकोनी_मांजर

रिकाम्या खोलीची कल्पना घेतो. पट्टे वॉलपेपरमध्ये लपवणं तिच्यात नीट बसतंय. शेवटी पडदा लुकलुकवू का? आणि चौथा मुद्दा राहिलाच.

शाईचा_डाग

लुकलुक एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा नको, अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना झटका येऊ शकतो.

हक्कांचं म्हणाल तर गारफिल्ड १९७८ चा आहे, पूर्णपणे संरक्षित. चाहत्यांची फुकट चित्रं बहुधा तशीच राहू दिली जातात, पण तो मालकाचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे. टीशर्ट, स्टिकर, पैसे घेऊन डाउनलोड यांपासून लांब राहा. निर्धोक पात्रच हवं असेल तर 'स्टीमबोट विली'मधला १९२८ चा मिकी अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून कॉपीराइटमधून मुक्त आहे. मात्र फक्त त्या चित्रपटात दिसतो तसा. नंतरच्या मिकीची रूपं नाहीत, आणि ट्रेडमार्क वेगळा.

यूट्यूबवर टाकताना 'मुलांसाठी नाही' हा पर्याय निवडाच, वयाची अटही लावा. थंबनेलमध्ये राक्षसच ठेवा, गोंडस गारफिल्ड नको. २०१७ च्या एल्सागेटमध्ये (यूट्यूबवरच्या मुलांच्या व्हिडिओंचं प्रकरण) घोळ तिथेच झाला होता: बाहेरून ओळखीचं कार्टून, आत भलतंच, आणि बघणारी चार वर्षांची पोरं.