बव्हेरियाचा शेवटचा राजा: भला माणूस की नालायक राजा?

बखरवाला: पहिल्या महायुद्धात जर्मनीतली गादी गेली म्हटलं की सगळ्यांना कैसर आठवतो. पण त्याच्याही आधी गेली ती म्युनिकची, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या बव्हेरिया राज्याच्या राजाची. ११८० पासून, म्हणजे ७३८ वर्षं विटेल्सबाख घराण्याकडे असलेला बव्हेरिया एका रात्रीत सुटला. ७ नोव्हेंबर १९१८ ला शांततेसाठी तेरेझियनवीझं मैदानावर प्रचंड सभा झाली. तिथून समाजवादी पुढारी कुर्ट आइसनर जमाव घेऊन बराकींकडे वळला, आणि शिपाईच त्याला सामील झाले. ७३ वर्षांचा राजा लुडविग तिसरा त्या दुपारी नेहमीसारखा बागेत फिरायला गेला होता! रात्री आजारी राणीला घेऊन पळाला, तर मोटार घसरून बटाट्याच्या शेतात रुतली. माणूस भला असेल, राजा म्हणून नालायकच.

खडूसकाका: असहमत. १८६६ साली प्रशियाविरुद्ध, म्हणजे उत्तरेतल्या बलाढ्य जर्मन राज्याविरुद्ध लढताना मांडीत गोळी खाल्लेला गडी आहे हा. आवड कसली, तर शेती, दूधदुभतं आणि कालवे. लोक 'मिलीबाउअर' म्हणून चिडवायचे, म्हणजे दूधवाला शेतकरी. असा राजा मला तरी चालेल.

बखरवाला: काका, त्या कालव्यांनीच तर घात केला. १९१५ मध्ये कालवेवाल्यांच्याच सभेत म्हणाला, दक्षिण जर्मनीला ऱ्हाइनमार्गे समुद्रापर्यंत थेट वाट हवी. ऱ्हाइनचं मुख कुठे? हॉलंडात! शिवाय फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतावरही डोळा. थोरला मुलगा रुप्रेख्ट आघाडीवर सेनापती, तो तडजोडीने लढाई मिटवा म्हणत होता. बाप मात्र नकाशे रंगवत बसला.

उंबरठा: मला वाटतं पत त्याआधीच गेली होती. खरा राजा चुलतभाऊ ओटो वेडा, पण जिवंत. तरी १९१३ मध्ये राज्यघटना बदलून हा गादीवर बसला. ओटो गेला १९१६ ला. तीन वर्षं एका म्यानात दोन तलवारी! लोकांना ते रुचलं नाही.

खडूसकाका: मग राज्य काय ओटोच्या नावाने कारभारी म्हणूनच चालवायचं? आणि २ नोव्हेंबरला त्याने विधिमंडळाला जबाबदार सरकार मान्य केलं होतं, हे कुणी सांगत नाही.

बखरवाला: पाच दिवस आधी! वरातीमागून घोडं.

खडूसकाका: बरं, पुढचं बघा. ऑस्ट्रियातल्या आनिफच्या वाड्यातून त्याने अधिकारी आणि सैनिकांना आपल्या शपथेतून मोकळं केलं. राज्यत्यागावर सही मात्र केली नाही. आइसनरने तोच कागद राज्यत्याग म्हणून जाहीर केला.

उंबरठा: सही नाही, म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

खडूसकाका: पीळ म्हणा हवं तर. पण नोकरी करणाऱ्याची शपथेच्या कात्रीतून सुटका झाली, रक्त सांडलं नाही. १९२१ मध्ये हंगेरीत वारला. म्युनिकला आणला तेव्हा अंत्ययात्रेला रस्ते भरून गेले होते. नालायकासाठी कोण येतं हो?

बखरवाला: त्यातले बरेचसे तीन वर्षांपूर्वी तेरेझियनवीझंवरही असतील, काका.