नानकटाईतलं तूप गेलं कुठे? (तूप, डालडा, तेल, बटर: अदलाबदलीचे अनुभव)

गोदाकाठची:
काल संध्याकाळी जिन्यात कुणाकडे तरी लोणी कढत होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत वास. भाजीची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. पंचवटीतली दिवाळी आठवली, ८८-८९ सालची असेल.

नानकटाई तेव्हा घरी भाजायची नसायचीच. मैदा, पिठीसाखर, तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचं, नंबर लावायचा, संध्याकाळी आणायला जायचं. त्या वर्षी आईने घरचं रवाळ साजूक तूप दिलेलं. नानकटाई आली ती टाळूला चिकटणारी! आई तडक बेकरीत. "आमचं तूप ठेवून घेतलंत आणि डालडा घातलात!" चार लोकांत भांडून आली. तो बिचारा शपथा घेत होता.

पंधरा वर्षांनी आजीने मला एकटीला सांगितलं. तूप तिनेच आदल्या रात्री काढून ठेवलेलं, आजोबांच्या वरणभातासाठी. डब्यात डालडा, आणि वासापुरता वर साजुकाचा थर.

तुमच्याकडे झालंय असं काही? फसलेलं, जमलेलं, सगळं लिहा.

बेरीखाऊ:
बेरी + साखर. बाकी काही बोलायचं नाही मला.

सिडकोकर:
आजी 😂😂 दंडवत

चौथाचहा:
बेरीत गूळ हो, साखर काय! आणि कढवताना विड्याचं पान टाकता का कुणी? आमच्याकडे शेवग्याचा पाला. सासूबाई चिमूटभर मीठ टाकतात, तूप रवाळ होतं म्हणे. मी दोन्ही करून बघितलं, मला तर गॅस बंद करायची वेळ साधली की झालं असं वाटतं. बेरी बदामी झाली की बंद. त्यानंतर फोन आला तर उचलायचा नाही.

ओव्हनवाली:
माझा अनुभव केकचा. बटर संपलेलं म्हणून १०० ग्रॅमला १०० ग्रॅम तूप घातलं. केक कसला, तुपात भिजलेला शिरा. मग डोक्यात प्रकाश पडला, बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्केच, सोळाएक टक्के पाणी. तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश. आता ८० ग्रॅम तूप आणि वर एक मोठा चमचा दूध घालते. तूप पातळ नको, थिजलेलं घ्या, साखरेबरोबर फेसता येतं. तरी बटरइतकं फुलत नाही, खोटं कशाला सांगू. नानकटाईला मात्र तूपच.

निफाडचीथंडी:
थिजलेलं म्हणजे? आमच्याकडे डिसेंबरात चमचा वाकतो 🥶 लोणीही येत नाही, घुसळून घुसळून हात जातात. कोमट पाणी घातलं की मग गोळा येतो. उन्हाळ्यात उलट, बर्फ. थांबा, कुकर

मुंबईनाक्यावरून:
डालड्याला एवढं वाईट का बोलता, आमचे चिरोटे त्याच्याच साट्यावर खुसखुशीत व्हायचे. पिवळा डबा, त्यावर झाड. रिकामा झाला की आधी गहू, मग तुळस.

नियमावली:
माहितीसाठी: डालडा १९३७ चा. तेलात हायड्रोजन मिसळून थिजवलेलं वनस्पती तूप, त्यात ट्रान्स फॅट. ते हृदयाला वाईट म्हणून जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत २ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

मुंबईनाक्यावरून:
तुळशीला काही झालं नाही हो.

एकटाजीव:
पुण्यात रूमवर. बटरमध्ये ऑम्लेट केलं की काळे कण. आईने तुपाची बरणी दिली, त्यात जळत नाही. कढवताना दुधाचा अंश बेरीत निघून जातो ना, जळतो तो तोच. पण रूममेट मिसळीवरही तूप घेतो. नाशिकचा नाही तो.

सिडकोकर:
मिसळीवर तूप?? हाकला

पहिलीदिवाळी:
शंकरपाळ्या. मोहन 'थोडं जास्तच' म्हणून तेलाऐवजी वाटीभर तूप. कढईत सोडल्या आणि दिसेनात. विरघळल्या! सासरे म्हणाले, "अनारसे हसतात ऐकलं होतं, शंकरपाळ्या पळाल्या पहिल्यांदाच." बेसनाचे लाडूही त्याच वर्षी बसले. तूप एकदम ओतू नका मैत्रिणींनो, चमच्या-चमच्याने.

चौथाचहा:
बसलेल्या लाडवात भाजलेलं बेसन मिसळायचं गं, पुन्हा वळता येतात.

नवीनफ्लॅट:
विषय सोडून विचारते, गंगापूर रोडच्या बाजूला घरगुती लोणी कुठे मिळेल? दूध बाजारात गेले होते, गाडी लावायलाच अर्धा तास.

निफाडचीथंडी:
गाडी द्वारकेला लावून रिक्षा करायची. आले कुकरवरून, भात लागला.

गोदाकाठची:
धागा आत्ता आईला वाचून दाखवला. वाटलं चिडेल. म्हणते, "डबा उचलला तेव्हाच वजनावरून नाही, पण वासावरून कळलं होतं मला. सासूला कोण बोलणार? बेकरीवाल्याशी भांडले ते तिला ऐकू जावं म्हणून. बेकरी गल्लीतच होती ना."

बेरीखाऊ:
आणि त्या बेकरीवाल्याचं काय??

नवीनफ्लॅट:
लोण्याचं राहिलंच माझं