नॅसने आता एक सलग गोष्टीचा अल्बम करायलाच हवा

राजवाडा_रात्रपाळी: काल इथे एकाने लिहिलं की पन्नाशी गाठलेल्या रॅपरने कॉन्सेप्ट अल्बमच्या, म्हणजे एकच गोष्ट किंवा विषय धरून केलेल्या अल्बमच्या, भानगडीत पडू नये, सुटी गाणी द्यावीत आणि मानाने बसावं. ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकन रॅपर नॅसचंच घ्या. १९९४ मध्ये त्याचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' आला तेव्हा तो वीस वर्षांचा. २०२० ते २०२३ मध्ये संगीत-निर्माता हिट-बॉयबरोबर सहा अल्बम, त्यातल्या पहिल्याला ग्रॅमी. आता त्याने कुणाला काय दाखवून द्यायचं राहिलंय? मग 'मी कसा टिकलो' हेच पुन्हा कशाला? या माणसाने १९९६ मध्ये बंदुकीच्या तोंडून अख्खं गाणं लिहिलं. 'रिवाइंड' या गाण्यात गोळीबाराची गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली. तो न्यूयॉर्कच्या ज्या क्वीन्सब्रिज वसाहतीत वाढला, तिथली एकच इमारत त्याने घ्यावी आणि दर गाण्यात वेगळा भाडेकरू बोलू द्यावा.

जेलरोड_बीट्स: कालचं मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. कॉन्सेप्ट अल्बम म्हटला की दोन गाण्यांमध्ये स्किट, म्हणजे संवादांचा छोटा प्रसंग, आलं, फोन वाजला, दार आपटलं. हिप-हॉप निर्माता प्रिन्स पॉलचा १९९९चा अल्बम म्हणजे कानांनी पाहायचा सिनेमा, मान्य. पण त्यातलं एखादं गाणं तुम्ही सुटं लावता का? आणि नॅसचा २०१२चा 'लाइफ इज गुड' विसरलात? मुखपृष्ठावर मांडीवर बायकोच्या लग्नातल्या हिरव्या पोशाखाचा तुकडा. मोडलेलं लग्न हाच तिथला कॉन्सेप्ट. नॅसचं करून झालंय.

राजवाडा_रात्रपाळी: त्यात दुःख आहे, गोष्ट नाही. अर्ध्या गाण्यांचा लग्नाशी संबंध नाही. 'द रूट्स' या हिप-हॉप बँडचा २०११चा 'अनडन' ऐक. माणूस सुरुवातीलाच मेलेला, मग अल्बम त्याच्या आयुष्यात मागे मागे जातो. चाळीस मिनिटांच्या आत संपतो.

स्नेहलतागंजच्या काकू: मला रॅपमधलं कळत नाही, मुलगा ऐकतो तेवढंच. पण सलग गोष्ट सांगितली की गाणं सुटं उरत नाही, हे चूक आहे. गीतरामायण १९५५ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी. आमच्या घरी नंतर सगळं ओळीने लावायचे, आणि त्यातलीच दोन-तीन आई स्वयंपाक करताना सुटी म्हणायची.

जेलरोड_बीट्स: काकू, तिथे कथा सगळ्यांना आधीच पाठ. दशरथ कोण हे माडगूळकरांना सांगावं लागलं नाही. रॅपरला पात्रं शून्यातून उभी करावी लागतात आणि लोकांना तेवढा धीर नाही. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळात मी ओळीने गाण्यांची एक गोष्ट लिहून नेली होती. पहिलं संपायच्या आत कार्यकर्ता स्टेजवर, "भिया, कुछ नाचनेवाला लगाओ." माईक बंद. त्यामुळे सलग ऐकणाऱ्यांबद्दल मला कुणी शिकवू नये.

देवासवाला: उदाहरणासाठी पुण्याला कशाला जाता? आपल्या इंदूरपासून पस्तीस किलोमीटरवर देवासला कुमारजींनी, म्हणजे कुमार गंधर्वांनी, 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' केले. एक ऋतू, एक मैफल, बंदिशी आणि माळवी लोकगीतं एका धाग्यात. पण इथल्यांना आपल्या घरचं दिसत नाही.

जेलरोड_बीट्स: रॅपच्या चर्चेत कुमारजी? काहीही चाललंय.

देवासवाला: काहीही नाही. १९४८ला ते क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गायला मनाई होती, खाटेवर पडून बाहेरून येणारी लोकगीतं ऐकली, आणि तिथून त्यांचं गाणं बदललं. तरी मुंबई-पुण्याचे लोक असं बोलतात जणू ते तिथेच राहत होते. जन्मशताब्दीच्या वर्षी एका कार्यक्रमात निवेदकाने देवासचा उल्लेख एका वाक्यात उरकला. मी तिथेच उठून बोललो.

स्नेहलतागंजच्या काकू: जन्म बेळगावकडचा, शिक्षण मुंबईत देवधरांकडे. तेही सांगा ना. माळव्याने सगळं दिलं असं म्हणणं गुरूवर अन्याय आहे.

देवासवाला: काकू, गुरूंचा मान आहेच. पण १९९२ला गेले तेसुद्धा देवासलाच.

राजवाडा_रात्रपाळी: दोघांनी वेगळा धागा काढा, हात जोडतो. मात्र मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. कुमारजी तेव्हा नवखे नव्हते, नाव झालेलं होतं. नाव झालेल्या माणसालाच असा पूर्ण संध्याकाळभर एक विषय धरून बसता येतं, कारण श्रोता विश्वासाने थांबतो. विशीतल्या पोराचा माईक बंद करतात. नॅसचा कोण करेल?

जेलरोड_बीट्स: माझ्या जखमेवरच बोट ठेवलंस. ठीक आहे. 'अनडन' ऐकला, एका बैठकीत. चांगला आहे, एवढंच म्हणेन. तरी नॅसचा आवाज एकसुरी आहे. भाडेकरू दहा असले तरी बोलणार नॅसच.

राजवाडा_रात्रपाळी: म्हणूनच नॅसने वडिलांना, ओलू दारांना, बोलवावं. त्यांचा कॉर्नेट, ट्रम्पेटसारखं वाद्य, 'इलमॅटिक'मध्ये एका गाण्याच्या शेवटी येतो, आणि तेवढ्यात अख्खी गल्ली दिसते. पात्र बदललं की कॉर्नेट बदलेल, आवाज बदलायची गरजच नाही.

जेलरोड_बीट्स: कॉर्नेटचं पटलं. स्किटचं नाही. एक जरी टाकलं तरी मी विरोधातच.

देवासवाला: देवधरांबद्दल मी वाईट काही बोललो नाही, काकूंनी पुन्हा वाचावं.